जबाबदारी किलोत मोजू नका

२२ सप्टेंबर २०२३ रोजी इंदूरने ‘नो कार डे’ पाळला. तेव्हापासून सप्टेंबर उजाडला की आपल्याकडे तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू विचारते, एक दिवस गाडी घरी ठेवून काय साधणार? धूर कारखाने सोडतात, चंगळ अमेरिका करते आणि घाम मात्र आम्ही गाळायचा? दुसरी बाजू म्हणते, आधी आपण सुधारावं, मग जग सुधारेल. कापडी पिशवी घ्या, बादलीने अंघोळ करा, एकेक माणूस बदलला की झालं. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत, आणि तरी दोघंही एकच चूक करतात. व्यक्तीची जबाबदारी ते कार्बनच्या किलोत मोजतात. एकाला ते किलो नगण्य वाटतात म्हणून तो हात झटकतो. दुसरा तेच किलो वेचत बसतो आणि त्यातच आपलं कर्तव्य संपलं असं मानतो. माझं म्हणणं असं की हवामान बदलाच्या बाबतीत प्रत्येकाची जबाबदारी खरी आहे, पण ती ठरते आपल्या हातात कोणते निर्णय आहेत आणि आपल्या शब्दावर किती जण हलतात यावरून. खात्यावर किती कार्बन आहे हा त्यातला एक भाग, आणि बहुतेकांच्या बाबतीत छोटा भाग.

हात झटकणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकलं पाहिजे, कारण त्यात दम आहे. ‘तुमचा कार्बन फुटप्रिंट किती’, म्हणजे तुमच्या जगण्यातून किती कार्बन हवेत जातो, हा प्रश्न घरोघरी पोचवण्यात सगळ्यात मोठा हात होता बीपी या तेल कंपनीचा. २००४ च्या सुमारास तिने जाहिरातींचा धडाका लावला आणि प्रत्येकाने स्वतःचा आकडा काढावा म्हणून कॅल्क्युलेटरही दिला. तेल विकणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला आरशासमोर उभं केलं, आणि विहिरी खोदणं सुरूच राहिलं. २०१७ मध्ये आलेल्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालाने दाखवलं की १९८८ नंतरच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्के वायूंचं मूळ फक्त १०० उत्पादकांच्या कोळसा, तेल आणि वायूत आहे. देशादेशांतली तफावतही डोळ्यांआड करता येत नाही. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकन माणसामागे १४ टनांच्या आसपास. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावलं होतं की गरिबाच्या भातशेतीतला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत टाकणं हा अन्याय आहे. दोन वर्षांनी हेन्री श्यू या तत्त्वज्ञाने हाच भेद काटेकोर केला: जगण्यासाठी लागणारं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं, पहिल्याला हात लावण्याआधी दुसरं कमी झालं पाहिजे. हे सगळं मला मान्य आहे.

याहून खोल हरकत घेतली ती अमेरिकन तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी, २००५ मध्ये. समजा एखाद्याने रविवारी केवळ मौज म्हणून भरपूर पेट्रोल पिणारी गाडी फिरवली. त्या एका फेरीने कुठे पूर येतो? कुठलं पीक करपतं? त्या फेरीवाचूनही पूर यायचा तो येणारच, आणि बाकी सगळे थांबले तर त्या एका फेरीने काही बिघडणार नाही. मग ती फेरी चूक कशी? नीतीची एकेक कसोटी त्यांनी लावून पाहिली आणि एकही नीट लागू पडत नाही असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे ‘माझ्या एकट्याने काय होणार’ म्हणणारा प्रत्येक जण नकळत हाच युक्तिवाद करत असतो. फरक एवढाच की सिनॉट-आर्मस्ट्राँग तिथे थांबले नाहीत. सरकारला कृती करायला लावणं हे नागरिकाचं खरं कर्तव्य आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. आपल्या गप्पांत हा उत्तरार्ध गळून जातो.

पूर्वार्धालाही उत्तर आहे, आणि ते त्याआधी एकवीस वर्षं, १९८४ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी दिलं होतं. वाळवंटात असंख्य जखमी तहानेने तळमळताहेत. तितकेच लोक प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घेऊन आले आहेत. सगळं पाणी एका टाकीगाडीत ओतून जखमींना सारखं वाटायचं. माझ्या अर्ध्या लिटरने प्रत्येकाच्या वाट्याला एखादा थेंब वाढेल. त्याला कळणारही नाही. म्हणून मी न ओतता निघून गेलो तर चाललं का? पार्फिट म्हणतात, परिणाम जाणवत नाही म्हणजे परिणाम नाही, असं समजणं ही नैतिक गणितातली चूक आहे. प्रश्न ‘माझ्या कृतीने काय झालं’ एवढाच नसतो. ‘आम्ही सगळे मिळून जे करतो, त्यात माझा वाटा कोणता’ हाही असतो.

मराठी घरांत याहून जुनी आणि मला जास्त शहाणी वाटणारी एक गोष्ट आहे, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. राजाने फर्मान काढलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा. लोकांनी घाबरून घरातलं सगळं दूध नेऊन ओतलं. वासरांना राहिलं नाही, मुलांना राहिलं नाही. गाभारा भरला नाही. एका म्हातारीने घरातलं काम आवरलं, मुलाबाळांना दूध दिलं, वासरांना पाजलं आणि उरलेलं खुलभर नेऊन वाहिलं. गाभारा भरला. ही कहाणी आपण थेंबाच्या महतीची म्हणून ऐकतो, पण तिच्यात राजाच्या धोरणाचा पराभवही आहे. उपाशी वासराच्या तोंडचं दूध काढून घेणारी मोहीम फसते, मग ती कितीही पुण्याची असो. श्यू यांनी जे तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडलं ते इथे ओसरीवर बसून सांगितलं गेलं आहे: आधी गरज, मग त्याग, आणि तोही उरलेल्यातून. पर्यावरणाच्या नावाने फेरीवाल्याची पिशवी जप्त करताना आणि चार मोटारींच्या बंगल्यापुढून मुकाट्याने जाताना आपण कोणाच्या बाजूला असतो, हे म्हातारीला विचारावं.

आता त्या ७१ टक्क्यांकडे पुन्हा पाहू. तो आकडा सांगताना एक गोष्ट हमखास सुटते. त्या उत्सर्जनाचा सुमारे नऊ दशांश भाग कंपन्यांच्या आवारात होत नाही. तो होतो त्यांनी विकलेलं इंधन आपण जाळतो तेव्हा, आपल्या गाडीत, आपल्या गॅसवर, आपल्यासाठी चाललेल्या वीज केंद्रात. त्या यादीत कोल इंडियाही आहे. खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी औष्णिक केंद्राची क्षमता २,५२० मेगावॉट. ते रात्री चालतं तेव्हा ती वीज पिणारे आपणच असतो. म्हणजे ‘कंपन्या की आपण’ हा प्रश्नच नीट उभा राहत नाही. एकच धूर दोन्ही खात्यांवर मांडता येतो. विचारायचा प्रश्न हा की ही साखळी तोडण्याची ताकद कोणत्या कडीत आहे. कधी ती कडी कंपनी असते, कधी सरकार, आणि कधी अगदी घरातलं माणूस.

घरातल्या माणसाची कडी किती महत्त्वाची असते याचा पुरावा शोधायला इंदूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा आणि त्यातून सुमारे १७ टन वायू. त्यावर शहरातल्या बसगाड्या धावतात. हा प्रकल्प म्हणजे निखळ ‘व्यवस्था’: निविदा, यंत्रं, अभियंते. पण तो चालतो कशावर? सकाळी गाडी दारात येते तेव्हा ओल्या कप्प्यात नेमकं काय पडतं यावर. खरकट्यात प्लास्टिकची पिशवी गेली की ती पचन टाकीत तरंगते, वर साय धरते आणि पंपात अडकते. माती, काच, चिनी मातीचे तुकडे तळाशी बसतात आणि टाकीची जागा खातात. नारळाची करवंटी कुजत नाही. फिनाइल ओतलेला कचरा वायू तयार करणारे जिवाणूच मारतो. असे प्रकल्प देशात याआधी झाले नव्हते असं नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये कचरा जाळून वीज करणारं केंद्र उभारलं, ते काही आठवड्यांत बंद पडलं, कारण धूळमाती आणि ओल मिसळलेल्या त्या कचऱ्यात जळण्यापुरती उष्णताच नव्हती. लखनौला २००३ च्या सुमारास ओल्या कचऱ्यापासून वीज करू पाहणारा प्रकल्प वेगळा केलेला कचरा न मिळाल्याने रखडला. तिथे यंत्रं होती आणि पैसाही होता. कमी पडली ती स्वयंपाकघरातली दोन डब्यांची शिस्त. आणि उलटही तितकंच खरं. सहा कप्प्यांची गाडी रोज ठरल्या वेळी आली नसती, मिसळलेला कचरा परत करण्याचा अधिकार गाडीवरच्या माणसाला दिला नसता, तर तुमच्या-माझ्या घरातल्या चार डब्यांना काय अर्थ होता? सगळं पुन्हा एकाच ढिगात गेलं असतं.

एवढं कबूल केलं की दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे ‘आधी आपण सुधारू’ म्हणणाऱ्यांकडे वळता येतं. त्यांची तळमळ मोलाची आहे, पण त्यांचं गणित बऱ्याचदा चुकतं. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार दिवसाला २० किलोमीटर धावली तर सव्वा लिटरच्या थोडं वर पेट्रोल जळतं आणि सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ‘नो कार डे’ला एका मोटारीमागे वाचतात ते हे ३ किलो. मुलाला भेटायला दिल्लीहून न्यूयॉर्कला जाऊन-येऊन एका प्रवाशामागे दीड ते दोन टन होतात, म्हणजे सरासरी भारतीयाचं जवळजवळ वर्ष. भेटायला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. नातवाला मांडीवर घेण्याची किंमत किलोत लावणं मला पटत नाही. पण ज्याने वर्षभर स्ट्रॉ टाळल्या आणि दोनदा अटलांटिक ओलांडला, त्याने आपण पर्यावरणाचे पाईक आहोत असं समजू नये.

आणि जे खरोखर मोठं आहे त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. एसीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आता प्रत्येक सोसायटीच्या भिंतीवर ती खोकी लटकलेली असतात. विजेच्या बिलावर सगळे बोलतात, गॅसवर कुणी नाही. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक एसींत आर-४१०ए हा वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,१०० पट तापवतो. दीड टनाच्या मशीनमध्ये तो अदमासे एक किलो असतो. घर बदलताना मेकॅनिकने घाईत नट सैल केला आणि तो ‘फुस्स’ करून उडून गेला, तर दोन टनांचा हिशेब झाला. साडेसहाशेहून अधिक दिवस मोटार घरी ठेवून जे वाचेल ते अर्ध्या मिनिटात गेलं. टाळायला काय लागतं? मशीन कूलिंगवर चालू ठेवायचं, बाहेरच्या युनिटवरच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह एलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर नळ्यांतला वायू ओढून बाहेरच्या युनिटमध्ये जमा करतो, गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवायचं. मेकॅनिक याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. काही मिनिटांचं काम. तसंच दर उन्हाळ्यात ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ हे ऐकून पैसे मोजण्याआधी विचारायचं, गळती कुठे आहे? एसीतला वायू वापराने संपत नाही, तो कुठून तरी निसटतो, बहुतेक वेळा नळीच्या तोंडाशी, जिथे फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड, नीट बसलेली नसते किंवा नट आवळून तडकवलेला असतो. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात. नवीन मशीन घेताना आर-३२ घेतला तर तोच आकडा २,१०० वरून ६७५ वर येतो, आणि वायूही कमी लागतो. व्यक्तीने केलेल्या एका कृतीचा परिणाम नगण्य असतो असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण मुद्दाम सविस्तर दिलं. सगळ्या कृती सारख्या नसतात, आणि कोणती मोठी, कोणती छोटी हे जाणून घेणं ही जबाबदारीची पहिली पायरी आहे.

पाण्याचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. इंदूरचं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून आणि पाचशे मीटरच्या आसपास उंच चढून. हजार लिटर पाणी तेवढं उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबानेच १.३६ युनिट लागतात. पंपाची आणि नळातल्या घर्षणाची तूट धरली तर दोन युनिट किंवा जास्त. म्हणजे दीड किलोच्या आसपास कार्बन. गच्चीवरची टाकी वाहून गेली की पाण्याबरोबर कोळसाही वाहून जातो. तरी एका घराने आरओचं फुकट जाणारं पाणी वर्षभर भांड्यांना वापरलं तर वाचणारे किलो थोडेच. करू नये असं नाही, करावंच. पण त्याच पाण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्ज उभारणारे रोखे) बाजारात आणले, आणि सामान्य गुंतवणूकदारांनाही ते घेता येत होते. एवढ्या क्षमतेचा प्रकल्प आपल्या उन्हात वर्षाला नऊ कोटींच्या आसपास युनिट देऊ शकतो. आजच्या ग्रीडच्या हिशेबाने साठ हजार टनांच्या वर कार्बन. ज्याने बादली वाचवली आणि ज्याने असा प्रकल्प व्हावा म्हणून रोखा घेतला, नगरसेवकाकडे पाठपुरावा केला, सभेत हात वर केला, ती दोन्ही व्यक्तीच आहेत. मग पहिलं ‘वैयक्तिक’ आणि दुसरं ‘व्यवस्था’ असं आपण का म्हणतो?

इतिहासात हे दोन हात नेहमी एकमेकांच्या आधाराने चाललेले दिसतात. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावरचं बंदीचं विधेयक फेटाळलं. त्याच वर्षी एका पत्रकाने लोकांना गुलामांच्या श्रमातून येणारी वेस्ट इंडीजची साखर सोडायला सांगितलं, आणि हिशेब मांडला: आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली तर एक माणूस गुलामीतून वा मृत्यूतून वाचतो. आजच्या फुटप्रिंट कॅल्क्युलेटरचा हा पणजोबा. तेव्हाच्या अंदाजानुसार तीन लाखांच्या घरात लोकांनी साखर सोडली. त्याने गुलामगिरी संपली का? नाही. व्यापारावर बंदी १८०७ मध्ये आली, गुलामगिरी उठवणारा कायदा १८३३ मध्ये, आणि दोन्ही संसदेतच झाले. पण ज्या बायकांना मताचा अधिकार नव्हता त्यांनी आपल्या चहाच्या टेबलावर हा प्रश्न रोज मांडला, आणि त्यातून सह्यांचे अर्ज, सभा, उमेदवारांना जाब विचारणं उभं राहिलं. साखर सोडणं हा प्रवेश होता. जे साखर सोडून घरी शांत बसले त्यांनी काही बदललं नाही, आणि साखर खात सभा गाजवणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

ओझोनची कथा आपल्या काळातली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू ओझोनचा थर खातात. कायदा यायच्या आत अमेरिकेत लोकांनी स्प्रे घेणं कमी केलं, विक्री घसरली, कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. १९७८ मध्ये तिथे बहुतेक स्प्रेंमध्ये सीएफसी वापरायला बंदी आली, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. त्याच कराराला २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत जोड मिळाली आणि वर सांगितलेल्या एसीच्या वायूंवर लगाम आला; भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली, वापर २०२८ ला गोठेल आणि २०३२ पासून उतरेल. ग्राहकाची सवय, शास्त्रज्ञाचा पुरावा, संसदेचा कायदा, राष्ट्रांचा करार. यातलं एक काढलं तर बाकीचं कोसळतं.

या नात्याला आपल्या परंपरेत एक नेमका विचार आहे, लोकसंग्रहाचा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं इतर वागतात. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेचा अर्थ लावताना याच गोष्टीवर जोर दिला: कर्म सोडून मोकळं होणं हा ज्ञानी माणसाचा मार्ग नव्हे; समाज सावरून धरण्यासाठी त्याने कर्म केलंच पाहिजे. उपभोगाच्या प्रश्नाला हे चपखल बसतं. आपण वस्तू घेतो त्या गरजेपुरत्या घेत नाही, शेजाऱ्याकडे पाहून घेतो. एका घरात बाराशे पाहुण्यांचं लग्न आणि अठरा गोड पदार्थ झाले की पुढच्या घरच्या मुलीच्या बापाला ते परवडत नसतानाही करावं लागतं. ज्याच्याकडे पाहून गल्ली ठरवते, त्याने साधं लग्न केलं तर वाचणारं त्याचं एकट्याचं अन्न नसतं. इंदूरच्या जैन शेजाऱ्यांकडून आपण आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्या गृहस्थाच्या व्रतांत परिग्रहाचं परिमाण असतं: काय, किती ठेवायचं याची मर्यादा आधीच बांधून घ्यायची. दुकानात उभं राहून, सवलतीचा बोर्ड डोळ्यांसमोर असताना मोह आवरणं कठीण; घरी बसून ‘या वर्षी कपड्यांचे सहा जोड, फोन पाच वर्षांनी’ असं ठरवणं सोपं. फोनच्या बाबतीत तर हे सरळ हिशेबाचं आहे. त्याच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला बराच मोठा भाग तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो, चार्जिंगचा खर्च किरकोळ. बॅटरी बदलून तोच फोन दुप्पट काळ वापरला तर वर्षाचा भार जवळजवळ निम्मा होतो.

पण श्रेष्ठ कोण? इथे आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईंचा विचार उपयोगी पडतो. अन्याय घडवणाऱ्या व्यवस्थेत आपण सगळे गुंतलेले असतो, त्यामुळे एकाला आरोपी करून बाकीचे सुटत नाहीत; आणि जबाबदारी म्हणजे मागच्याचा दोष नव्हे, पुढे काय करायचं त्यातला वाटा. तो ठरवताना त्या विचारतात: तुमच्या हातात सत्ता किती, या व्यवस्थेचा लाभ तुम्हाला किती, बदलात तुमचं हित किती, आणि एकत्र येऊन काही करण्याची सोय तुमच्याकडे किती? या चार प्रश्नांनी इंदूरच्या मराठी समाजाकडे पाहिलं तर चित्र बदलतं. निवृत्त अभियंता, सोसायटीचा सचिव, बँकेतला अधिकारी, गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष, शाळेच्या समितीवरच्या बाई. यांच्या घरातले किलो थोडे असतील, पण त्यांच्या सहीवर शेकडो घरांचे किलो हलतात. सचिवाने वार्षिक सभेत लिफ्ट आणि पंपांसाठी गच्चीवर सौर पॅनलचा ठराव मांडला तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपयांचं अनुदान आहे. तो ठराव न मांडता सचिव स्वतःच्या घरात एलईडी लावून समाधानी असेल, तर त्याने आपली जबाबदारी पार पाडली असं मला म्हणवत नाही.

आणि म्हणूनच ‘नो कार डे’च्या वादात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतची साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस २०१३ पासून चालू होती. मधली मार्गिका बसला राखीव, मोटारी बाजूला. तिच्यात दोष होते: शेजारच्या मार्गिका तुंबायच्या, रस्ता ओलांडणं जिकिरीचं व्हायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती काढण्याची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. हा निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते बसची राखीव जागा सुधारायची होती, काढायची नव्हती. पण एक दिवस गाडी घरी ठेवण्याचे फोटो टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या महिन्यांत महापालिकेला एक पत्र लिहिलं? वर्षातून एक दिवस सायकल चालवणं सोपं, कारण तिथे कुणाशी भांडावं लागत नाही. उरलेले ३६४ दिवस बसने जाता यावं यासाठी भांडणं हे त्याच जबाबदारीचं अवघड अंग आहे.

एक हरकत राहते. इतकं सगळं मागितलं तर माणूस थकेल, अपराधी वाटून घेईल, शेवटी सगळंच सोडून देईल. हरकत रास्त आहे. जॉन नोल्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने २०११ मध्ये ढोबळ हिशेब मांडला होता की सरासरी अमेरिकन माणसाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाने एक-दोन माणसांना गंभीर हानी पोचते. असा आकडा छातीवर ठेवून कुणी फार दिवस जगू शकत नाही. पण जबाबदारी हातातल्या निर्णयांवरून ठरवली की ओझं आपोआप वाटलं जातं. मालव्यातल्या खेड्यात चुलीवर भाकरी करणाऱ्या बाईकडे मागण्यासारखं काहीच उरत नाही. भाड्याच्या घरातल्या विद्यार्थ्याकडून थोडं मागता येतं. चार मजली बंगला, तीन एसी, समितीवर पद आणि आमदारांशी ओळख असलेल्याकडून बरंच. आणि त्यालाही सगळं एकदम करायला सांगायचं नाही. त्याच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट आधी.

एसीपासूनच सुरुवात करता येईल, कारण तिथे घर, मेकॅनिक, कंपनी आणि सरकार चौघंही एका नळीला जोडलेले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत एसी आणि फ्रिज येतात आणि त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण जुना एसी काढताना वायू पकडून ठेवणारं यंत्र आणि रिकामा सिलिंडर मेकॅनिककडे नसेल तर तो वायू हवेतच सोडणार, त्यात त्याचा काय दोष? महापालिकेच्या प्रत्येक झोन कार्यालयात वायू परत घेणारं यंत्र भाड्याने मिळावं, तिथे जमा केलेल्या वायूच्या किलोमागे मेकॅनिकला ठरलेले पैसे मिळावेत, आणि सोसायट्यांनी ठराव करावा की आमच्या इमारतीत पंप डाऊनची नोंद बिलावर असल्याशिवाय एसी हलवला जाणार नाही. कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे लावून घेणाऱ्या शहराला हे जमण्यासारखं आहे. येत्या २२ सप्टेंबरला मोटारी घरी ठेवून जे लोक पायी निघतील, त्यांनी वाटेत झोन कार्यालयात जाऊन ही मागणी लेखी द्यावी.